तिघींमागे एक

"बस, निर्मला. चहा घे," इंगवले साहेब म्हणाले, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी बिनसलंय. साहेब खेळाडूंना कधी बसायला सांगत नसत.

पंजाबातल्या शिबिराचं ते ऑफिस म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि कपाटावर ठेवलेले धुळकट चषक. इंगवले साहेब आमच्या भारोत्तोलन फेडरेशनचे सहसचिव. माणूस आपल्याकडचा, पण चारचौघांत हिंदीच बोलायचा. मराठीत बोलायला लागला की समजायचं, काम खासगी आहे.

"मनगट कसं आहे?"

"बरं आहे, साहेब."

"मी डॉक्टर नाही आणि पोलीसही नाही. खरं सांग."

उजवं मनगट सोमवारच्या सरावात बारखाली उलटं वळलं होतं. मालिश करणाऱ्या बाईशिवाय मी कोणाला सांगितलं नव्हतं, म्हणजे तिने सांगितलं असणार.

"उचलता येत नाही," मी म्हणाले.

मला वाटलं ते चिडतील. पण हवं तेच उत्तर मिळाल्यासारखे ते खुर्चीत मागे रेलले. "मग आपण जरा हिशोब करू. सरकार पैसे देतं तेव्हा नियमही देतं. तीन खेळाडूंमागे एक अधिकारी. तुम्ही मुली सहा, म्हणजे अधिकारी दोन. एक मी, मॅनेजर म्हणून. दुसरं नाव कोणाचं?"

"पद्मा मॅडमचं. कोच म्हणून."

"तू घरी गेलीस तर मुली राहतात पाच. पाचांमागे एकच अधिकारी जातो."

साहेब, मग तुम्ही थांबा की, हे अगदी जिभेवर आलं होतं. मी चहाचा घोट घेतला आणि ते घशाखाली ढकललं. "माझ्या जागी दुसरी मुलगी?" मी विचारलं.

"खेळाडूंची नावं बंद झाली. अधिकाऱ्यांची बदलता येतात, खेळाडूंची नाही." मग ते पुढे वाकले. "तू चल. काट्यावर वजन दे, प्लॅटफॉर्मवर जा, बार थोडा वर आण आणि सोड. मनगट धरून खाली बस. म्हणजे दुखापत तिथे झाली. इथे झालेली असताना तुला नेलं असं निघालं, तर डॉक्टरपासून मंत्रालयापर्यंत सगळे लटकतात."

"आणि शून्य?"

हे शून्य काय असतं ते सांगायला हवं. आमच्या खेळात दोन प्रकार. स्नॅच म्हणजे बार एका दमात डोक्यावर न्यायचा. जर्क म्हणजे आधी खांद्यावर, मग वर. दोन्हींत तीन-तीन संधी, आणि दोन्हींची बेरीज म्हणजे तुमचं एकूण वजन. स्नॅचमध्येच एकही वजन वर गेलं नाही तर नावापुढे शून्य. आणि फेडरेशनचा नियम असा की परदेशात जाऊन जी शून्य घेऊन येईल, तिला दोन वर्षं शिबिर बंद, खुराकाचे पैसे बंद. मी तेव्हा चोविशीची होते. दोन वर्षं म्हणजे माझ्यासाठी खेळ संपलाच. शिवाय रेल्वेत खेळाडूंच्या कोट्यातून माझा अर्ज पडून होता, आणि तिथे आंतरराष्ट्रीय स्पर्धेत नोंदलेलं वजन मागत होते. मनमाडच्या पोरीला रेल्वेची नोकरी म्हणजे काय, ते मनमाडकरांनाच विचारावं.

"दुखापतीचं शून्य वेगळं असतं," साहेब म्हणाले. "समितीत मी आहे ना."

'मी आहे ना' हे त्यांचं नेहमीचं होतं. खोल्यांत गरम पाणी नसलं तरी ते होते, विमानाची तिकिटं आली नसली तरी ते होते.

मी हो म्हणाले. साहेबांवर विश्वास होता असं नाही. अर्धा होता, अर्धा नव्हता. पण मला दुसरंच दिसत होतं. मला लता दिसत होती.

लता चौगुले कुरुंदवाडकडची, वयाने माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. आम्हा सहाजणींत पदक आणेल अशी तीच एक. बाकीच्या आम्ही फोटोत मागच्या रांगेत उभं राहण्यापुरत्या, हे आम्हालाही माहीत होतं. पण लताची एक खोड होती. बारवर किती वजन लावलंय हे कळलं की तिच्या अंगाचं पाणीच व्हायचं. आकडा नाही कळला, तर ती काहीही उचलायची. म्हणून पद्मा मॅडम तिला आकडा कधी सांगत नसत. सरावातसुद्धा तिला तोंड फिरवून उभं राहायला लावत, आम्ही चकत्या चढवायचो, मग मॅडम म्हणत, "वळ. उचल." लता वळायची आणि उचलायची. स्पर्धेत समोर भला मोठा फलक असतो, त्याच्याकडे पाठ करून तिला बसवायचं, पुढे किती जणींच्या उचली आहेत ते मोजायचं, त्या हिशोबाने तिला गरम ठेवायचं, वेळ आली की पाठीवर थाप मारून सोडायचं. हे सगळं मॅडमच करत. मॅडम नसतील तर लता परदेशात जाऊन नुसती विमानात बसून येणार होती.

पद्मा बच्छाव हे मॅडमचं पूर्ण नाव. मनमाडच्या शाळेत त्या खेळ शिकवत आणि संध्याकाळी शाळेच्या मागच्या शेडमध्ये आम्हाला. मला वयाच्या तेराव्या वर्षी बारला हात लावायला त्यांनीच शिकवलं. शिबिराला त्या बिनपगारी रजा टाकून यायच्या.

त्यांच्यापासून मनगट लपवणं अवघडच होतं. त्याच दिवशी दुपारी मी कोमट पाण्याच्या बादलीत हात घालून बसले होते, तर त्या दारात येऊन उभ्या.

"काढ बाहेर," त्या म्हणाल्या.

मी हात काढला. त्यांनी मनगट दोन्ही हातांत धरून हळूच फिरवलं आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या. मी दात आवळून धरले होते, त्यातच त्यांना काय ते समजलं.

"साहेबांशी काय बोलणं झालं?"

मी सगळं सांगितलं. त्यांच्यापुढे माझं खोटं टिकत नसे.

"तू घरी जायचंस," त्या म्हणाल्या.

"मॅडम, मी गेले तर तुमचं नाव जातं."

"मोजता येतं मला."

"मग लताचं काय?"

"लताचं मी बघेन. तुझं कोण बघणार? ते? उद्या समिती बसली की काखा वर करतील, आणि तू मनमाडला बसशील." त्यांनी माझ्या हाताला टॉवेल गुंडाळला. "माझ्यासाठी कोणी शून्य घ्यायचं नाही. एवढ्यासाठी शिकवलं नाही मी तुला."

"मी तुमच्यासाठी घेत नाहीये. टीमसाठी घेतेय."

"मोठी टीमवाली आलीस," असं म्हणून त्या निघून गेल्या. रागावल्या होत्या. मलाही हट्ट चढला होता. मनात म्हटलं, मी जाणार, आणि माझ्यामुळे मॅडमनाही यावंच लागणार.

दोन दिवसांनी सकाळी सरावाला गेलो, तर मॅडम नव्हत्या. त्यांच्या खोलीत गादी गुंडाळून ठेवलेली. साहेब हॉलमध्ये आले आणि सगळ्यांसमोर हिंदीत म्हणाले की मॅडमना घरून फोन आला होता, अडचण आहे, त्या पहाटेच्या गाडीने गेल्या.

"आमाला न सांगताच?" लता माझ्या कानाशी म्हणाली. "अक्का, आसं कसं जातील त्या?"

मॅडमच्या घरी म्हातारे सासरे होते. त्यांचं काही झालं असेल असं मी लताला सांगितलं आणि स्वतःलाही पटवलं. पण आतून मला फार लागलं. रागावून गेल्या असतील, असंच सारखं वाटत राहिलं. मनमाडला फोन लावावा तर शिबिरातला एकमेव फोन साहेबांच्या कपाटात कुलपाखाली. "मॅडम थेट दिल्लीला येऊन मिळतील," असंही साहेब मोघम बोलले होते. त्यामुळे आम्ही दिल्लीची वाट बघत राहिलो.

दिल्लीच्या विमानतळावर मॅडमच्या जागी एक गृहस्थ उभे होते. अंगात नवा कोरा निळा ब्लेझर, बाहीवरचं लेबल अजून तसंच. हातात चिवड्याचा डबा.

"मी सुधाकर मोहिते," ते म्हणाले. "तुमच्याबरोबर येतोय. मला यातलं काही कळत नाही बरं का, पण तुम्ही मुलींनी घाबरायचं नाही."

मोहिते शेजारच्या राज्यातल्या संघटनेचे खजिनदार. घरचा धंदा पंपसेट विकण्याचा. हिवाळ्यात फेडरेशनची निवडणूक होती आणि मोहित्यांच्या शब्दावर बरीच मतं हलायची, हे मला विमानात आमच्यातल्याच एका मुलीकडून कळलं. माणूस वाईट नव्हता, उगाच खोटं कशाला बोलू. त्याने सगळ्यांना चिवडा दिला, एकीला विमान लागलं तेव्हा तिच्यासाठी लिंबू मागून आणलं. पण त्याच्या छातीवर 'कोच' असं लिहिलेला बिल्ला होता, आणि तो पाहून माझ्या तोंडात चिवडा फिरू लागला.

लता खिडकीपाशी बसून होती. माझ्याकडे वळून म्हणाली, "मला माघारी जायाचंय, अक्का."

"गप बस."

"मला आकडा कोण न्हाई सांगायचं?"

तिला म्हणायचं होतं, आकडा आपल्यापासून लपवेल कोण. मला ते समजलं. विमान तेव्हा समुद्रावर होतं आणि आम्हा दोघींपैकी कोणालाच उतरता येणार नव्हतं.

खेळ मलेशियात होते. राहायला उंच इमारती, जेवायला भला मोठा मांडव, जगभरची माणसं आणि त्या सगळ्यांत आम्ही सहा पोरी. माझा वजनगट पहिल्या दिवशी, लताचा दुसऱ्या. वजन द्यायच्या आदल्या दुपारी मी साहेबांना गाठलं. ते आणि मोहिते खाली बाकावर बसून नारळपाणी पीत होते.

"साहेब, मॅडमच्या जागी दुसरा कोच आणता आला असता."

"वेळ कुठे होता, बाळ?"

"मोहिते साहेबांना आणायला होता."

मोहित्यांनी स्ट्रॉ तोंडातून काढली. साहेबांनी मान वळवून आजूबाजूला पाहिलं. मराठी कळणारं तिथे कोणी नव्हतं.

"काय हवंय तुला?" ते हळू आवाजात म्हणाले.

मला काय हवंय ते मी विमानात ठरवूनच उतरले होते. प्रत्येक मुलीच्या वजनाच्या वेळी टीमला आतल्या खोलीचे दोन पास मिळतात. प्लॅटफॉर्मच्या मागे जिथे मुली गरम होतात ती खोली. पासवर फोटो नसतो, नाव नसतं. ज्याच्या गळ्यात, तो आत. त्या दोन पासांवर साहेब आणि मोहिते जाणार हे उघड होतं, कारण टीव्हीचे कॅमेरे तिथेच असतात.

"लताच्या दिवशी एक पास मला द्या," मी म्हणाले. "आणि तिचं कार्डही माझ्या हातात." कार्ड म्हणजे पुढचं वजन किती ते लिहून द्यायचा कागद.

"आणि नाही दिला तर?"

"तर उद्या मी वजन द्यायला जात नाही. डॉक्टरकडे जाते. इथल्या."

मी आयुष्यात पहिल्यांदाच कोणा मोठ्या माणसाला अडवलं होतं. मी वजन दिलं नाही, डॉक्टरने मनगट पाहिलं, तर माझं शून्य वाचत होतं. दुखापत शिबिरातली आहे हे निघालं असतं, आणि ते माझ्यावर नाही, त्यांच्यावर शेकलं असतं. म्हणजे घरी सुखरूप जायची वाट माझ्यासमोर उघडी होती. मी ती एका पासासाठी देऊन टाकत होते. साहेबांना हे माझ्याआधी कळलं. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"अगं, एवढंच ना," ते म्हणाले.

"घे की, माझा घे," मोहिते म्हणाले. "मला कुठे काय कळतंय आत जाऊन. मी आपला प्रेक्षकांत बसतो." आणि खरंच त्यांना हायसं वाटलेलं दिसलं.

दुसऱ्या दिवशी मी प्लॅटफॉर्मवर गेले. पासष्ट किलो. सरावात मी ते हसतखेळत उचलायचे. मनगटाला पट्टी, हाताला खडू, समोर तीन पंच आणि अंधारात बसलेली माणसं. बार थोडा वर आण आणि सोड, एवढंच काम होतं. मी वाकले, धरला, उचलला. बार गुडघ्यांवरून वर आला आणि मला काय झालं कोण जाणे. तो हलका लागला. तेरा वर्षांची असल्यापासून अंगाला जे माहीत होतं ते अंगाने केलं. मी खाली शिरले, हात वर फेकले आणि क्षणभर बार डोक्याच्या वर होता.

मग मनगट गेलं. बार मागे पडला, मी पुढे. नाटक काही करावं लागलं नाही. डॉक्टर धावत आले, साहेब धावत आले, त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी इतकी छान होती की मलाच क्षणभर खरी वाटली. फलकावर माझ्या नावापुढे शून्य लागलं ते मी स्ट्रेचरवरून पाहिलं. तिथे रडू आलं नाही. खोलीत आल्यावर लता माझं डोकं मांडीवर घेऊन बसली, तेव्हा आलं.

"लई दुखतंय?" तिने विचारलं.

"हो," मी म्हणाले. मनगटाचंच तिला वाटलं.

लताच्या दिवशी माझा हात गळ्यात अडकवलेला होता आणि त्याच गळ्यात पास. आत शिरताच मी तिला फलकाकडे पाठ करून खुर्चीवर बसवलं. पुढ्यात स्वतः उभी राहिले, म्हणजे तिला माझ्याशिवाय काही दिसू नये.

"सुरुवात सत्तरने कर, मग पंचाहत्तर," साहेब माझ्या कानाशी म्हणाले. "उगाच घाई करायची नाही."

मला नवल वाटलं. तो अगदी मॅडमचा हिशोब होता, साहेबांना असलं काही कधी सुचत नसे. पण विचार करायला वेळ नव्हता. मी कार्डावर तेच लिहिलं. एका डोळ्याने फलक, एका डोळ्याने लता. आता पाच जणी, आता तीन. एक हलका बार उचलून घे. बस. पाणी नको, नुसतं ओठ ओले कर. ऊठ. पाठीवर थाप मारायला डावा हात होता.

स्नॅचमध्ये तिची तिन्ही वजनं वर गेली. जर्कमध्ये दोन गेली. तिसऱ्याच्या वेळी गणित असं झालं की अडीच किलो वाढवले तर कांस्य नक्की, साडेसात वाढवले तर रौप्याची आशा.

"साडेसात लाव," साहेब म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. "रौप्य आलं ना, तर पुढच्या वर्षी सरकार दहा मुली नेऊ देईल."

दहा मुली म्हणजे तीन अधिकारी, हा हिशोब माझ्या डोक्यात आपोआप झाला. "अडीच," मी म्हणाले.

"निर्मला, कार्ड इकडे दे."

"देते की. पण मग तिला बाहेर सोडायचं कसं तेही तुम्हीच बघा." मी लताकडे बोट दाखवलं. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती, ओठांशी काहीतरी पुटपुटत. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. त्यांना तिला सोडता येणार नव्हतं. सहसचिव होऊन तेवढं येत नाही. ते बाजूला झाले.

मी अडीच लिहिलं.

"अक्का, किती हाय?" लताने विचारलं. असं तिने कधीच विचारलं नव्हतं.

"मॅडमनी लावायला सांगितलं असतं तेवढंच आहे. वळ. उचल."

ती गेली. मी आतच थांबले, मला बघवेना. बाहेर बार पडल्याचा धप्प आवाज झाला, आणि त्यावर टाळ्या आल्या. लता पळत आत आली आणि माझ्या दुखऱ्या हातावरच येऊन आदळली. मी ओरडले, ती हसत होती, मग आम्ही दोघी रडत होतो. त्या दिवशी मी जितकी सुखी होते तितकी त्याआधी क्वचितच असेन.

फोटोत लताच्या एका बाजूला साहेब आहेत आणि दुसऱ्या बाजूला मोहिते. पदक मिळालं तर कोचलाही सरकारकडून बक्षीस मिळतं. कोच म्हणून नोंद मोहित्यांची होती. ते बक्षीस त्यांना मिळालं, आणि खरं सांगायचं तर त्यांनी ते संकोचूनच घेतलं असं मला पुढे कळलं. महिनाभराने समिती बसली. दुखापतीचं शून्य वेगळं असतं असं नियमात कुठेच लिहिलेलं नव्हतं. "समितीपुढे माझं काही चाललं नाही, बाळ," साहेब म्हणाले. दोन वर्षं गेली, आणि त्यानंतर मी बारला हात लावला तो दुसऱ्यांना शिकवण्यापुरता. रेल्वेचा अर्ज पडून पडून बाद झाला. लता मात्र आज रेल्वेत साहेबीण आहे आणि दिवाळीला मला फोन करते.

पण हे सगळं नंतरचं. लताच्या पदकाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, टीम बाजार बघायला गेली असताना, मी खेळाडूंच्या वसाहतीतल्या फोनवरून मनमाडच्या शाळेत फोन लावला. मॅडमना वर्गातून बोलावून आणेपर्यंत माझी नाणी खपत होती. मला त्यांना आनंदाची बातमी द्यायची होती. थोडं भांडायचंही होतं.

"मॅडम, लताला कांस्य मिळालं."

"कळलं. पेपरात आलंय. आकडे मी साहेबांना सांगून आले होते, त्यांनी लक्षात ठेवले म्हणायचे." मग त्यांनी विचारलं, "तू कुठून बोलतेस?"

"इथून. मलेशियातून."

"मग खरंच तू गेलीस." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "मला वाटलं, नाव चुकून छापलंय."

"म्हणजे? मी जाणार होतेच की. तुम्हीच निघून गेलात, न सांगता."

"निमे, तू घरी यायची होतीस. म्हणून तर मी आले."

मला काही उमगेना. त्या सांगत गेल्या. माझं मनगट पाहिलं त्या संध्याकाळी त्या साहेबांकडे गेल्या होत्या. म्हणाल्या, हिचं नाव काढा, माझंही काढा, पाचच मुली न्या, माझी काही तक्रार नाही. साहेबांनी त्यांचे हात हातात घेतले. मॅडम, पोरीचं भलं बघणारी माणसं आता कुठे राहिलीत, म्हणाले. तुम्ही आधी निघा, नाहीतर ती हट्ट धरून बसेल, दोन दिवसांत तिला मी मनमाडच्या गाडीत बसवतो.

"तुझ्या आईला मी निरोप दिला होता," मॅडम म्हणाल्या. "ती तीन दिवस स्टेशनवर येऊन गेली. गाडी निघून जाईपर्यंत उभी राहायची."

मॅडमनी माझ्यासाठी जागा सोडली होती, ती साहेबांनी मोहित्यांना दिली. मी मॅडमसाठी माझं नाव यादीत राहू दिलं होतं, त्या नावावर मोहिते विमानात बसले. आम्ही दोघींनी एकमेकींना जे द्यायचं ते पुरतं दिलं होतं, आणि ते सगळं इंगवले साहेबांच्या खिशात गेलं होतं.

"शून्य लागलं?" मॅडमनी विचारलं.

"हो."

"किती लावलं होतंस?"

"पासष्ट."

"सोडलंस?"

"नाही, मॅडम. सोडायचं ठरलं होतं, पण हातून सुटेना. वर गेलं होतं. डोक्याच्या वर होतं."

मी उरलेलं शेवटचं नाणं आत टाकलं. मग त्यांनी अगदी मला तेरा वर्षांची असताना विचारायच्या तसं विचारलं, "कोपर सरळ होतं?"

"सरळ होतं."

"मग पुढच्या वर्षी..." मॅडम म्हणाल्या आणि तिथेच थांबल्या. नियम त्यांनाही पाठ होता.